सा हलवायचा नाही

सोसायटीच्या जिन्याखालच्या फळ्यावर काल पूजेची नोटीस लागली. सव्वीस जानेवारी, सकाळी झेंडावंदन, मग सत्यनारायण, संध्याकाळी हळदीकुंकू आणि सभासदांचे विविध गुणदर्शन. दर वर्षी मजकूर तोच असतो, फक्त खालची सेक्रेटरीची सही बदलते. प्रजासत्ताकाचा आणि सत्यनारायणाचा नेमका संबंध काय, हे आमच्या डोंबिवलीत कुणी विचारत नाही. सुट्टी असते, सगळे घरी सापडतात आणि शिरा चांगला होतो. एवढी कारणं पूजेला पुरतात.

नोटीस लागली की इमारतीचा आवाज बदलतो. तिसऱ्या मजल्यावर कुणीतरी मोबाइलवर ट्रॅक लावून गाण्याचा सराव सुरू करतं, तळमजल्यावरच्या बायका नाच बसवायला लागतात, आणि मधल्या मजल्यांवर आम्ही मटार सोलत दोन्हीकडची मजा ऐकतो. थंडी असते ती जेमतेम चार दिवसांची. पण त्या चार दिवसांत सगळी माणसं कपाटातले स्वेटर काढून घालतात आणि लिफ्टमध्ये डांबराच्या गोळ्यांचा वास भरून राहतो. घराघरात गूळ विरघळत असतो. मला हा महिना आवडतो. माझ्या हाताला तर तो जास्तच आवडतो, कारण नोटीस वाचताना काल माझ्या डाव्या हाताची तीन बोटं आपोआप जिन्याच्या कठड्यावर टेकली. एक सोडून एक, करंगळी, मधलं आणि अंगठा. तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत लागलेली ही खोड आहे आणि ती मोडायची मला अजिबात इच्छा नाही.

मी पेटी वाजवते. दहाव्या वर्षापासून वाजवते आणि चांगली वाजवते. साठी उलटल्यावर विनय दाखवायला मला वेळ नाही. आमच्या भजनी मंडळात कुठल्याही बाईने कुठल्याही पट्टीत तोंड उघडलं, तरी दुसऱ्या शब्दाला मी तिच्याबरोबर असते. पण पेटीवाल्यांचं एक असतं. सगळं काम उजव्या हाताचं. डावा हात भाता मारतो. पन्नास वर्षं माझ्या डाव्या हाताने वारा घालायचं काम केलं, आणि त्याला गाणं येत असेल अशी शंकासुद्धा मला कधी आली नाही.

पेटीची साथ कशी असते, तेही सांगायला हवं. गाणारा गातो आणि पेटी त्याच्या पावलावर पाऊल टाकत तीच चाल वाजवते. गाणारा कच्चा असेल तर पेटी किंचित पुढे जाते, स्वर आधी दाखवते, म्हणजे तो भरकटत नाही. मी हे फार उत्तम करते. भजनी मंडळातल्या निम्म्या बायका त्यामुळेच सुरात आहेत.

सायली माझी मुलगी. ती तेरा वर्षांची असताना याच सोसायटीच्या पूजेला, इमारतीखालच्या याच मोकळ्या जागेत गायली होती. मी साथीला होते. अंतऱ्यात तिचा निषाद जरा उतरला. मी तो स्वर पेटीवर दाबला, ती आली नाही, मग जोरात दाबला, आणि तिसऱ्यांदा दाबला तेव्हा ती मुकाट्याने त्यावर येऊन बसली. पहिल्या रांगेतल्या काही बायका हसल्या, वाईट मनाने नाही, कौतुकानेच हसल्या. घरी आल्यावर परकराची नाडी सोडता सोडता ती म्हणाली, "आई, तू माझ्या आधी गातेस." मला वाटलं, ही तक्रार आहे की स्तुती? मी तिला निषाद कसा लावायचा ते सांगत बसले. त्यानंतर ती माझ्या पेटीबरोबर कधीही गायली नाही. भांडण नाही, रुसवा नाही. फक्त गायली नाही.

पुढे ठाण्याला कॉलेजात गेल्यावर ती गायला लागली असं कानावर यायचं. तिथे एक गिटार वाजवणारी मैत्रीण मिळाली होती आणि दोघी स्वतःची गाणी करायच्या. स्वतःची म्हणजे शब्द तिचे, चालही तिचीच. मी एकदा म्हटलं, ऐकव की. ती म्हणाली, अजून पक्कं झालेलं नाही. असं तिचं गाणं सोळा वर्षं पक्कं होत राहिलं. नोकरी वागळे इस्टेटमध्ये लागली, घर ठाण्यातच भाड्याने घेतलं, दर पंधरा दिवसांनी ती डबे न्यायला येते, माझ्या हातची वालाची उसळ चाटूनपुसून खाते, माझ्याशी जगातलं सगळं बोलते. गाण्याचं तेवढं सोडून. आई म्हणून मला हे लागायचं. मी ते कुणाला बोलून दाखवलं नाही, पण लागायचं.

तर तीन वर्षांपूर्वी, डिसेंबर संपता संपता तिचा फोन आला. आमच्या सेक्रेटरीने तिला परस्पर गळ घातली होती की पूजेला गा. तिने हो म्हटलं होतं. पण गिटारवाली मैत्रीण नोकरीसाठी बंगळूरला गेली होती. मी अर्थातच म्हटलं, मी आहे ना.

मग ती म्हणाली, "आई, मला पेटी नकोय. खाली नुसत्या कॉर्ड्स हव्यात. माझी चाल तू एका बोटानेही वाजवायची नाहीस. जमेल तुला?"

मी म्हटलं, त्यात काय एवढं. फोन ठेवल्यावर मला कळलं की तिने मला एक दार उघडून दिलंय, आणि त्यातून मी पुन्हा माझी पेटी घेऊन आत घुसले तर ते कायमचं लागेल. चार आठवडे हातात होते.

सायलीने गाणं मोबाइलवर गाऊन पाठवलं, सोबत कागदावर लिहिलेल्या कॉर्ड्सचा फोटो. गाणं मी लागोपाठ दोनदा ऐकलं. भाड्याच्या घरातल्या एका खिडकीबद्दल होतं, जिच्यातून दुसऱ्याच्या घराची खिडकी दिसते. साधं होतं, आणि शब्द कुठेही मुद्दाम रडवणारे नव्हते. मग मी पदर खोचला आणि कामाला लागले. इंग्रजी अक्षरं मला नवीन नव्हती. सी म्हणजे पांढरी एक, सप्तकातली पहिली पांढरी पट्टी, डी म्हणजे पांढरी दोन, हे कुठल्याही पेटीवाल्याला पाठ असतं. कॉर्ड म्हणजे तीन स्वर एकदम, सा-ग-प, हेही ऐकून माहीत होतं. म्हणजे डी आली की पांढरी दोनला सा करायचं आणि तिथला सा-ग-प दाबायचा. ए आली की पांढरी सहाला सा करायचं. पट्टी बदलणं तर माझ्या डाव्या, चुकले, उजव्या हाताचा मळ आहे. डी आणि ए या अक्षरांच्या शेजारी एक बारीकसा एम लिहिलेला होता. त्याच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

समोरच्या विंगमधल्या सामंतांकडून कीबोर्ड मागून आणला आणि दोन दिवसांत गाणं बसवून सायलीला पाठवून दिलं. तिचं उत्तर आलं की आई, गाणं वरातीला निघाल्यासारखं वाटतंय. पुढे एक हसरा चेहरा होता, पण तो फार हसत नव्हता. मी पुन्हा ऐकलं. खरंच, प्रत्येक कॉर्ड छाती काढून उभी होती. आणि जिथे ती हळूच शुद्ध मध्यमावर उतरत होती, तिथे माझ्या कॉर्डमधला तीव्र मध्यम तिच्या अंगाला घासत होता. मला वाटलं, हिचाच मध्यम उतरलाय. आईचं डोकं कुठे धावतं ते बघा.

हे सामंत म्हणजे सत्तरीचे गृहस्थ. जन्मभर कारखान्यात फिटर होते आणि सुट्टीच्या दिवशी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवायचे. मूळचे मालवणकडचे, त्यामुळे समोरच्याची चूक सापडली की त्यांचा चेहरा खुलतो. मी त्यांना बोलावून वाजवून दाखवलं. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, चहा ठेवला. सामंतांनी पूर्ण गाणं डोळे मिटून ऐकलं आणि मग चहाचा कप हातात घेऊन निवांत म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरातल्या सगळ्यांनाच सा करून ठेवलंत. रे ला सा केलंत, ध ला सा केलंत. सगळेच कर्ते झाले तर वाढणार कोण? सा हलवायचा नाही. तो बसलाय तिथेच बसू दे."

मला राग आला. पन्नास वर्षं वाजवणाऱ्या बाईला सा कुठे असतो ते सांगायचं म्हणजे काय! पण मी कीबोर्डसमोरून उठले नाही, हे माझं नशीब.

त्यांनी सांगितलं ते इतकं सोपं होतं की मला लाज वाटली. पांढरी एकला सा धरला की सातही शुद्ध स्वर पांढऱ्यांवरच येतात. काळ्यांकडे जायचंच नाही. मग कुठल्याही पांढरीवरून सुरुवात करा आणि एक घ्या, एक सोडा, एक घ्या, एक सोडा, एक घ्या. झाली कॉर्ड. सा-ग-प. पुढे सरका, रे-म-ध. पुढे सरका, ग-प-नी. असंच म-ध-सा, प-नी-रे, ध-सा-ग, आणि शेवटी नी-रे-म. घरात स्वर सात, म्हणून कॉर्डही सात. बाहेरून कुणी आणायचा नाही.

मी डाव्या हाताने एकेक दाबत गेले. दुपारची वेळ होती, खाली कुणीतरी चिक्कीसाठी दाणे कुटत होतं. सा-ग-प दाबलं, नेहमीचं उजेडाचं. रे-म-ध दाबलं आणि मी थांबले. बोटं तशीच होती, एक सोडून एक, कुठेही मी काही बदललं नव्हतं. पण आवाज खाली मान घालून बसला होता. ग-प-नी, तोही तसाच. म-ध-सा आला आणि पुन्हा उजाडलं. प-नी-रे, आणखी मोकळं. ध-सा-ग आला आणि मी बोटं उचललीच नाहीत. हीच ती बारीक एमवाली कॉर्ड होती, सायलीच्या खिडकीची.

असं का होतं? मी सामंतांना विचारायच्या आधीच मला दिसलं, कारण ते माझ्या डोळ्यांसमोर दहाव्या वर्षापासून होतं. ग आणि म यांच्या मध्ये काळी पट्टी नाही. नी आणि वरचा सा यांच्या मध्येही नाही. बाकी सगळीकडे आहे. सा पासून ग पर्यंत दोन पूर्ण पावलं पडतात. रे पासून म पर्यंत दीडच पडतात, कारण वाटेत ती अर्धी पायरी लागते. म्हणून सा, म आणि प यांच्या कॉर्ड मोठ्या अंतराच्या, त्या मेजर. रे, ग आणि ध यांच्या लहान अंतराच्या, त्या मायनर. तीन हसऱ्या, तीन गंभीर, आणि हे कुणी ठरवलेलं नाही. सात स्वर जसे बसलेत त्यातून ते आपोआप निघतं. मी मात्र प्रत्येक ठिकाणी मधला स्वर अर्ध्या पायरीने वर ओढून सगळ्यांना हसायला लावत होते.

आणि सातवी, नी-रे-म? ती दाबली की असं वाटतं, कुणीतरी खुर्चीच्या काठावर बसलंय. खालचं अंतरही लहान, वरचंही लहान. सामंत म्हणाले, हिला फार वेळ बसवून ठेवू नये, लगेच सा च्या घरी पोचवावी. ऑर्केस्ट्रात ते ही क्वचितच वाजवायचे. अर्धे सीझन तर नुसत्या सा, म आणि प या तीन कॉर्डवर काढले, कारण सातही स्वर त्या तिघींत मिळून येऊन जातात. मी मोजून पाहिलं. खरंच येतात.

त्या रात्री जेवताना मी ह्यांना सगळं समजावून सांगितलं. आमटीचा वाडगा सा, कोशिंबीर रे, अशी मांडणी केली. हे म्हणाले, मीठ कुठल्या स्वरावर आहे ते सांग. मी हसले, पण डोक्यात दुसरंच चाललं होतं. सायली लहानपणी तासन्‌तास खिडकीत गप्प बसायची. मी तिला उठवायचे. असं तोंड पाडून काय बसलीस, जा, खेळ, गा, काहीतरी कर. तिला काहीच झालेलं नसायचं. ती नुसती तशी होती. एकाच घरातून, एकाच डाळभातावर, कुणी हसरं निघतं आणि कुणी गंभीर, आणि दोन्ही बरोबरच असतात. हे मला एवढ्या उशिरा, तेही कीबोर्डवर कळावं, याचं मला वाईट वाटलं. ते वाईट वाटणं मी गिळलं नाही, चांगलं आठवडाभर वाटू दिलं.

सायली सराव करायला दोन रविवार आली. पहिल्या रविवारी तिने शीळफाट्यावरून फोन केला की ट्रॅफिक हलत नाहीये, तू तोवर वाजवत बस. मी वाजवत बसले. ती आली, चपला काढल्या, हात धुतले आणि उभ्याउभ्याच गायला लागली. मी खाली कॉर्ड धरल्या. दोन ओळी झाल्यावर तिने गायचं थांबवून माझ्या हाताकडे पाहिलं. उजवा हात कुठे आहे, हे बघत होती. तो मांडीवर होता. मग तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

दुसऱ्या रविवारी तिचा घसा बसला होता. म्हणाली, जरा खाली घेऊया का, पांढरी पाचवर, पण तुला सगळं परत बसवावं लागेल. इथे मात्र मी पेटीवाली होते. म्हटलं, तू फक्त गा. पांढरी पाचला सा केलं की नी काळी तीनवर जातो आणि बाकी सगळे पांढऱ्यांवरच राहतात. सातही जण आपापली नाती घेऊन नव्या घरात राहायला जातात. कोण हसरं, कोण गंभीर, काही बदलत नाही. मी एकही कॉर्ड न चुकवता गाणं वाजवलं, तेव्हा ती चकित होऊन हसली. सामंत दारात उभे होते. त्यांनाही मान्य करावं लागलं की अख्खं घर हलवायचं असेल तेव्हा सा हलवायला वहिनींसारखं माणूस नाही. मी ते वाक्य अजून विसरलेले नाही आणि त्यांनाही विसरू देत नाही.

सव्वीस तारखेला दिवसभर शिऱ्याचा वास होता. केळ्याचे तुकडे घालून, भरपूर तुपातला. संध्याकाळी सात वाजता कार्यक्रम सुरू झाला. आधी लहान मुलींचा नाच, मग एक विनोदी एकपात्री, ज्यात विनोदापेक्षा पात्रच जास्त वेळ हसत होतं. मग सायलीचं नाव पुकारलं. मी कीबोर्डमागे बसले. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सगळं ओळखीचं जग बसलं होतं. मागच्या वेळी हसलेल्या बायकांपैकी दोघी अजूनही पहिल्याच रांगेत होत्या, चष्म्याचा नंबर वाढवून.

पहिलं कडवं छान गेलं. दुसरंही. माझा डावा हात न बघता सरकत होता आणि मला स्वतःचा अभिमान वाटत होता. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी, ध-सा-ग वर मी चार मात्रा धरल्या आणि सायली आलीच नाही.

ती माइकसमोर उभी होती. शब्द विसरली की घसा दाटला, मला समजेना. पुढच्या ओळीची चाल मला पाठ होती. पहिला स्वर कुठला ते माझ्या बोटांना माहीत होतं. उजवा हात मांडीवरून उठला. एक स्वर, फक्त एक, हळूच दाखवला असता तर ती लगेच आली असती. कुणालाही कळलं नसतं. पहिल्या रांगेतली एकजण माझ्याकडे बघून मान हलवत होती, द्या ना सूर, अशी. तिकडून ह्यांचाही चेहरा तेच सांगत होता.

मी उजवा हात मांडीखाली दाबून धरला. अक्षरशः त्याच्यावर बसले. डाव्या हाताने ध-सा-ग पुन्हा धरलं, मग म-ध-सा, मग प-नी-रे, आणि पुन्हा ध-सा-ग. फेरी पुरी झाली, सायली तशीच. दुसरी फेरी सुरू केली. लोक चुळबुळायला लागले. माझ्या कानशिलावरून थंडीतही घाम उतरत होता. हा हात काढावा लागला तर मुलगी गेली, एवढं एकच मला कळत होतं. मी फेरी चालू ठेवली.

तिसऱ्या फेरीला म-ध-सा वर ती आली. शब्द तेच होते. चाल मात्र ती नव्हती. तिने पाठवलेल्या गाण्यात नव्हती, दोन्ही रविवारी कधी गायलेली नव्हती. खालून उठून ती एका भलत्याच स्वरावर जाऊन थांबली, माझ्या कॉर्डमध्ये नसलेल्या, आणि तिथेच रेंगाळली, आणि मग सावकाश, तिला वाटलं तेव्हा, खाली उतरली. मी कॉर्ड धरून होते. गाणं संपलं ते मला टाळ्या वाजल्यावर कळलं.

नंतर आम्ही दोघी जिन्याच्या पायरीवर द्रोणातला शिरा खात बसलो. मग द्रोण चाटता चाटता, माझ्याकडे न बघता विचारलं, "शेवटी मी वर गेले तिथे स्वर लागला का गं बरोबर?"

मी आठवायचा प्रयत्न केला. मला खरंच सांगता येईना.

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी ऐकत होते."